अकरा फुटी रॉडला गाईड कुठले, किती आणि नेमके कुठे?

वेंगुर्ल्याच्या बाजूला पुळणीवरून गरवणाऱ्या एका मित्राने अकरा फुटी, दोन तुकड्यांचा कोरा ब्लँक, म्हणजे गाईड न बसवलेली नुसती काठी, मागवला आहे. फेकायची ताकद ८० ते १५० ग्रॅम. रीळ ८००० साईजचं स्पिनिंग, त्यावर पीई २ (हा जाडीचा जपानी नंबर) ची ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, पुढे नायलॉनचा लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसणारा जाड तुकडा. शिसं लावून तळाला आमिष टाकणार, अधूनमधून जड जिग, म्हणजे धातूचं नकली आमिष, मारणार. त्यांनी चार गोष्टी विचारल्यात: गाईड, म्हणजे लाईन ओवायच्या रिंगा, किती लावायचे, कुठल्या नंबरचे, के-फ्रेम (शेंड्याकडे झुकलेल्या रिंगेची) घ्यायची की साधे चालतील, आणि टायटेनियमवर पैसे घालण्यात अर्थ आहे का.

टायटेनियमचं शेवटी बघू. गाईडचा कॅटलॉगही तूर्त मिटून ठेवा. आधी रीळ हातात घ्या आणि व्हर्नियरने स्पूलच्या, म्हणजे लाईन गुंडाळलेल्या चाकाच्या, पुढच्या कडेचा व्यास मोजा. या रॉडवर गाईड कसे बसणार हे ब्लँकपेक्षा तो आकडा जास्त ठरवतो. त्यानंतर ठरवते तुमची लीडरची गाठ. ब्लँकचा नंबर तिसरा, आणि कंपनीचं नाव त्याच्याही मागे.

हे मला पहिल्याच रॉडने शिकवलं. दुकानातला एक तयार बीच रॉड समोर ठेवून मी त्याची हुबेहूब नक्कल केली होती: ५०, ४०, ३०, २५, २०, १६ अशी उतरती भाजणी. पहिला गाईड एवढा मोठा की त्यातून चहाची वाटी आरपार गेली असती. नायलॉन होती तोवर तक्रार नव्हती. मग ब्रेड भरली, आणि दुसऱ्या की तिसऱ्या फेकीला लाईनचा एक फास सुटून पहिल्या गाईडच्या पायाला आवळला. १२० ग्रॅमचं शिसं एकटंच समुद्रात गेलं आणि माझ्या हातात फाटक्या लाईनचं टोक उरलं. मी वाऱ्याला दोष दिला, रीळला दिला, लाईनला दिला. गाईडकडे बघायला पुढचा सीझन उजाडला.

स्पिनिंग रीळमधून लाईन सरळ सुटत नाही. स्थिर स्पूलच्या कडेवरून ती वेटोळी घेत बाहेर पडते, स्प्रिंगसारखी. ही वेटोळी हळूहळू आवळत नेऊन सरळ करणं एवढंच पहिल्या तीन-चार गाईडचं काम. जुन्या पद्धतीत त्यासाठी नरसाळं धरलेलं असे, म्हणजे मोठ्या रिंगांपासून लहान रिंगांपर्यंत सावकाश उतार. ताठ, जाड नायलॉनला ते ठीक होतं. १९९० च्या दशकात ब्रेड सगळीकडे पोचली आणि हिशोब बदलला. पीई २ म्हणजे जेमतेम ०.२३५ मिमी जाडीची, कापसाच्या धाग्यासारखी लुळी लाईन. मोठ्या रिंगेत तिला कोणी आवरत नाही. ती आत मोकळी फडफडते, मागची वेटोळी पुढच्या वेटोळ्यांना गाठतात आणि फास पडतो. जपानी गाईडवाल्यांनी, त्यातही फुजीने, नरसाळं सोडलं. पहिली रिंग लहान पण ब्लँकपासून उंच उचललेली, आणि पुढच्या दोन-तीन गाईडमध्येच लाईन झटकन ब्लँकजवळ खाली आणलेली. जिथे वेटोळी संपून लाईन सरळ धावायला लागते त्या गाईडला आम्ही चोकर म्हणतो. गळा तिथे आवळला जातो, म्हणून.

चोकर कुठे येतो हे काढायला रॉड बांधणारे २७ चा ठोकताळा वापरतात. स्पूलच्या कडेचा व्यास गुणिले २७, आणि हे अंतर स्पूलच्या कडेपासून शेंड्याकडे मोजायचं. ही काही भूमिती नव्हे, अनुभवातून आलेला अंदाज आहे, पण सुरुवातीला तो दगा देत नाही.

तुमच्या रीळचा स्पूल ५८ मिमी धरतो, स्वतः मोजून दुरुस्त करा. ५८ गुणिले २७ म्हणजे १५६६ मिमी, धरा १५७ सेंमी. रीळ बसवल्यावर स्पूलची कड बुडख्यापासून ७८ सेंमीवर आली, तर चोकर बुडख्यापासून २३५ सेंमीवर. ब्लँक ३३५ सेंमीचा, म्हणजे चोकरच्या पुढे शेंड्यापर्यंत बरोब्बर एक मीटर उरला.

या एका मीटरमध्ये सगळे गाईड एकाच मापाचे, आणि अंतर शेंड्याकडे कमी होत जाणारं. मी २४, २२, २०, १८ आणि शेवटी टिपपर्यंत, म्हणजे शेंड्याच्या टोकावरच्या रिंगेपर्यंत, १६ असं पाडेन. म्हणजे गाईड २५९, २८१, ३०१ आणि ३१९ वर, टिप ३३५ वर. मागच्या बाजूला पहिला, म्हणजे बट गाईड, स्पूलपासून ७० सेंमीवर: बुडख्यापासून १४८. त्यानंतर १८४, २११ आणि मग चोकर २३५. एकूण आठ गाईड आणि टिप. जेवढे फूट तेवढे गाईड अधिक एक, असा जुना नियम ऐकला असेल. तो धरला तर बारा होतात. तेवढे लावू नका, शेंडा उगाच जड होईल.

दोन तुकड्यांचा जोड साधारण १६८ च्या आसपास येईल. १४८ आणि १८४ दोन्ही त्यापासून लांब आहेत, हे बरं. गाईडचा पाय जोडाच्या तोंडावर कधीही आणू नका, आणि गाईड नसला तरी जोडाच्या तोंडावर दोऱ्याची घट्ट गुंडाळी हवीच. नाहीतर फेकीच्या ताणाने ब्लँक तिथे उभा चिरतो.

आकडे पाडून झाले की ते बाजूला ठेवा आणि एक शिवायचा दोरा घ्या. स्पूलच्या मधोमध टेपने त्याचं टोक चिकटवा, दुसरं टोक ताणून चोकरच्या रिंगेत बांधा. हा दोरा रीळपाशी ब्लँकपासून बराच वर असतो आणि चोकरपाशी जवळ येतो. मधले तीन गाईड असे सरकवा की रिंगांचे मध्य या दोऱ्यावर येतील. उंच फ्रेमचा गाईड आपोआप मागे जातो, बुटका पुढे. पाडलेल्या आकड्यापेक्षा तीन-चार सेंमी इकडेतिकडे झालं तर दोऱ्याचं ऐका. के-फ्रेमचे गाईड मुळात याच रेषेसाठी बनलेत, म्हणून ते पटकन जुळतात. साध्या फ्रेमचे जुळवताना डोकं खाजवायला लागतं, कारण त्यांची उंची या उतारासाठी ठरवलेली नसते.

आता नंबर. गाईडचा नंबर म्हणजे ढोबळमानाने रिंगेचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आतलं भोक त्याहून बरंच लहान असतं. १० नंबरच्या रिंगेचं भोक सात मिमीच्या आसपास निघतं, कंपनी आणि रिंगेच्या जाडीप्रमाणे थोडं कमीजास्त. बट गाईड स्पूलच्या निम्म्याच्या जवळ ठेवावा असं म्हणतात. ५८ चे निम्मे २९, म्हणजे ३० नंबर. नायलॉन भरणार असाल तर ३० च घ्या. पीई २ ब्रेडला मी २५ नंबरचा, उंच फ्रेमचा लावेन. पुढे १६, मग १२, चोकर १० आणि तिथून शेंड्यापर्यंत सगळे १०, टिपसुद्धा १०.

इथे लोक विचारतात, की ८ का नाही, ७ का नाही, नदीतल्या रॉडवर तर ५ नंबरचेही लावतात. त्याचं उत्तर लीडरच्या गाठीत आहे. पुळणीवरून फेकताना शिशाच्या दर औंसाला १० पौंडाचा लीडर हा जुना आणि शहाणा हिशोब आहे. औंस म्हणजे २८ ग्रॅम. १२० ग्रॅम फेकणार तर ४५ पौंडांच्या घरात, १५० फेकणार तर ५० च्या पुढे. लीडर एवढा लांब हवा की फेकायच्या वेळी त्याचे काही वेढे स्पूलवर असतील, म्हणजे गाठ स्पूलवर बसलेली. फेक सुटली की ती गाठ पूर्ण वेगात आठही गाईडांतून आणि टिपमधून जाते. एफजी गाठ, म्हणजे लीडरवर ब्रेड विणून मारलेली गाठ, नीट आवळली तर ती बारीक होते आणि ७ मिमीच्या भोकातून आवाजही न करता निघते. पण नीट आवळली तर! पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात, ओल्या हातांनी बांधलेली गाठ घरच्या टेबलावर बांधलेल्या गाठीसारखी होत नाही.

आणि दुसरं, पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर खाडीच्या तोंडाशी पाणी किती घाण असतं ते तुम्हाला सांगायला नको. शेवाळ, पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या चिंध्या. हे सगळं लाईनवरून घसरत येतं आणि गाठीपाशी साठतं. मोठा पाकट ओढत आणलाय, लाटेत दहा पावलांवर दिसतोय, आणि गाठीवरच्या शेवाळाचा बोळा टिपमध्ये अडकून रीळ फिरेना, हा प्रसंग माझ्यावर आलाय. ८ नंबरच्या टिपवर. त्यानंतर मी समुद्राच्या रॉडवर १० च्या खाली उतरलो नाही. वजनात जे वाचलं असतं ते मला नको.

के-फ्रेम घ्यावी का? हो, निदान पहिल्या चार गाईडना. तिची रिंग शेंड्याकडे झुकलेली असते आणि फ्रेमच्या कडा उतरत्या, त्यामुळे लाईनचा फास पायाला पडलाच तर तो वर घसरून रिंगेवरून सुटून जायची शक्यता जास्त. माझ्या पहिल्या रॉडवर जो फास आवळला तो सरळ उभ्या फ्रेमच्या बेचक्यात बसला होता. पण के-फ्रेम म्हणजे जादू नव्हे. गाईड चुकीच्या जागी असेल तर फास पडायचा तो पडणारच, फक्त कधीकधी सुटेल. आणि उलटी बांधू नका. हसू नका, मी दोन रॉड सोडवून परत बांधून दिलेत, दोन्हींवर रिंगा बुडख्याकडे झुकलेल्या होत्या.

एका पायाचे की दोन पायांचे? चोकरपर्यंत दोन पायांचे. पुढे एका पायाचे हलके पडतात, एक गुंडाळी वाचते, शेंडा मोकळा वाकतो. कातळावर जाणारा रॉड असेल, किंवा एसटीच्या टपावर आणि रिक्षाच्या मागे बांधून नेणार असाल, तर सगळेच दोन पायांचे लावा. एका पायाचा गाईड फेकीत वाकत नाही, प्रवासात वाकतो.

आता रिंगेचा आणि फ्रेमचा माल, कारण पैसे इथेच जातात आणि इथेच लोक फसतात.

रिंग सिरॅमिकची. खालच्या पायरीवर साधी ॲल्युमिनियम ऑक्साईड, त्यावर तिच्याच सुधारित जाती, मग सिलिकॉन कार्बाईड, जी फुजीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली, आणि हल्ली टॉर्झाईट, जिची रिंग पातळ असल्याने त्याच नंबरात भोक मोठं मिळतं. सिलिकॉन कार्बाईडची जाहिरात उष्णतेवर चालते: घर्षणाने रिंग तापते, ब्रेड वितळते, ही रिंग उष्णता पटकन वाहून नेते. ब्रेडचं पॉलिएथिलीन १५० अंशांच्या आसपास वितळतं हे खरं आहे. पण खोल समुद्रात मोठा ट्यूना सरळ खाली पळतो तिथली ही चिंता. आपल्या पुळणीवर लाईन ओली असते, पळ आखूड असतात. आपला शत्रू वेगळा: वाळू. तळाला पडलेली ब्रेड विणीत बारीक वाळू घेऊन येते आणि प्रत्येक वेळी रिंगेवरून पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणून रिंग कठीण हवी. त्यातही सगळ्यात जास्त झीज टिपवर, कारण लाईनला सगळ्यात तीव्र वळण तिथेच पडतं, आणि त्याखालोखाल बट गाईडवर. सिलिकॉन कार्बाईड या दोन जागी घ्या, मधल्या सात जागी सुधारित ॲल्युमिनियम ऑक्साईड चांगलं चालतं. हे ऐकून विकणारा नाराज होईल.

रिंग तपासायला कान साफ करायची कापूस लावलेली काडी रिंगेच्या आतून गोल फिरवा. केसभर तडा असेल तर कापसाचा धागा तिथे अडकतो. नवीन गाईडसुद्धा बांधायच्या आधी असेच तपासा. सोबत नखाने रिंगेला फ्रेमच्या बाहेर ढकलून बघा. ‘फुजी टाईप’ नावाने विकल्या जाणाऱ्या गाईडांच्या एका पाकिटात मला सातपैकी दोन रिंगा हाताच्या दाबाने सुटलेल्या मिळाल्या होत्या. समुद्रावर सुटली असती तर फ्रेमच्या उघड्या पत्र्याने ब्रेड एका फेकीत कापली असती.

फ्रेम. स्टेनलेस म्हणजे गंजत नाही असं आपण भांड्यांमुळे धरून चालतो. समुद्रावर तसं नाही. स्टेनलेसवर एक अदृश्य थर असतो जो हवेतल्या ऑक्सिजनमुळे टिकतो. उघड्यावर ओरखडा पडला तर तो थर परत धरतो. पण जिथे खारं पाणी शिरतं आणि हवा शिरत नाही, अशा फटीत तो थर परत बनत नाही आणि क्षार धातूला आतून खातो. गाईडवर अशी फट कुठे? बरोबर पायापाशी, जिथे फ्रेम इपॉक्सीच्या बाहेर येते. रॉड वाकतो तसा पाय किंचित हलतो, इपॉक्सीला तिथे केसाएवढी चीर पडते, पाणी आत जातं. मग एक दिवस पारदर्शक इपॉक्सीखाली दोऱ्यावर चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ दिसते. ती दिसली की वरून पुसून काही होत नाही, गुंडाळी सोडवायला लागते. ३१६ जातीचं स्टेनलेस, ज्यात मॉलिब्डेनम असतं, यापुढे ३०४ पेक्षा जास्त टिकतं. पण पाकिटावर जात लिहिलेली असतेच असं नाही.

टायटेनियम याला भीक घालत नाही. शिवाय हलकं: स्टेनलेसची घनता ८ च्या जवळ, टायटेनियमची ४.५. पण पूर्ण टायटेनियमच्या संचाची किंमत बऱ्याचदा ब्लँकच्या किमतीला जाऊन भिडते. माझा सल्ला अर्धा: चोकरपासून शेंड्यापर्यंतचे पाच गाईड आणि टिप टायटेनियमचे, खालचे तीन स्टेनलेसचे. शेंड्यावरचा प्रत्येक ग्रॅम फेकीनंतर रॉडला डुलत ठेवतो, आणि डुलणारा शेंडा निघत्या लाईनला आडवा मारतो. बुडख्याजवळचा ग्रॅम रॉडला कळतही नाही. खालचे तीन मोठे असतात, घरी आल्यावर नळाखाली धरून त्यांचे पाय अंगठ्याने चोळून धुता येतात. दोन रंगांचे गाईड रॉडवर शोभत नाहीत म्हणून एकजण हे ऐकायला तयार नव्हते. माशाला त्याचं काही नसतं. तेवढाही खर्च नको असेल तर सगळे चांगल्या स्टेनलेसचे घ्या आणि वाचलेल्या पैशातून सिलिकॉन कार्बाईडची टिप. टायटेनियम फ्रेममध्ये स्वस्त रिंग मात्र नको, ते म्हणजे फाटक्या सदऱ्याला सोन्याची बटणं.

हे सगळं हातात आलं की लगेच दोरा गुंडाळायला बसू नका.

आधी वाकवून बघा. बुडखा टेबलाला नीट बांधा, गाईड टेपने चिकटवा, लाईन ओवून शेंड्याला पाण्याची बाटली लटकवा. आधी अर्धा लिटर, मग एक, मग दोन. रॉड वाकला की बाजूने उभं राहून बघा: दोन गाईडमधली लाईन ब्लँकच्या वळणाबरोबर वळते आहे, की एखाद्या गाईडवर कोपरासारखा कोन पडतो आहे? कोन पडत असेल तर त्याच्या शेजारचे दोन गाईड जवळ आणा. बहुधा शेंड्याकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या गाईडपाशीच ही भानगड असते. एक-दोन सेंमीने फरक पडतो. पेन्सिलीने खूण करा, परत वाकवा. या कामाला मी एक पूर्ण संध्याकाळ देतो.

मग पुळणीवर. गाईडचे पाय आता नुसत्या टेपवर सोडू नका, टेपवरून दोऱ्याचे पाच-सात वेढे कसून मारा. आणि पूर्ण ताकदीने फेकू नका, निम्म्या जोराने, ८० ग्रॅम लावून. बघायचंय ते निम्म्यातही दिसतं. सुटलेला गाईड लाईनवरून सणसणत शेंड्याकडे जातो, बोटाला लागला तर टाके पडतील.

फेकताना डोळ्यांपेक्षा कान उघडे ठेवा. लाईन सुटताना बट गाईडच्या आसपास फटफट असा आवाज आला तर वेटोळी ब्लँकवर आपटताहेत. पहिल्या फेकीआधी कोरड्या ब्लँकवर रीळ आणि बट गाईडच्या मधे टाल्कम पावडर बोटाने फासा. दोन फेकींनंतर पावडर कुठे पुसली गेली ते बघा. रीळच्या लगेच पुढे पट्टा पुसला असेल तर बट गाईड फार जवळ किंवा फार बुटका आहे, पाच सेंमी पुढे सरकवा. बट गाईडच्या अगदी तोंडाशी पुसला असेल तर रिंग लहान पडते आहे, तिथे २५ ऐवजी ३० लावून बघा. आवाज गेला आणि सूं असा एकसारखा स्वर आला की जागा सापडली. मी दोन्ही बट गाईड खिशात घेऊन जातो, २५ आणि ३०, आणि एकाच संध्याकाळी अदलाबदल करून बघतो. पीई २ वर आतापर्यंत २५ नेच बाजी मारली आहे, पण थोडक्याने. पीई ४ भरणार असाल तर मला विचारू नका, सरळ ३० लावा.

चोकरही याच वेळी हलवून बघा. ब्रेड लुळी असल्याने ती २७ च्या आकड्याआधीच सरळ होते. चोकर दहा-पंधरा सेंमी मागे घेऊन फेक बिघडत नसेल तर तिथेच राहू द्या. म्हणजे चोकरपुढच्या धावत्या गाईडना जरा मोकळी जागा मिळते.

स्पाईनबद्दल कोणीतरी तुम्हाला घाबरवणारच. ब्लँक एका बाजूला जास्त ताठ असतो, गाईड त्याच रेषेत नसले तर रॉड पिळवटतो वगैरे. स्पिनिंग रॉडवर गाईड खाली असतात, ओढ खालीच लागते, रॉड पिळवटायचं कारणच नाही. मी ब्लँक डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून तो जिथे सगळ्यात सरळ दिसतो ती रेष धरतो. इतकंच.

बांधणीचं थोडक्यात. गाईडच्या पायाचं टोक कंपनीतून येतं तेव्हा बहुधा बोथट आणि जाड असतं, कधी खालच्या बाजूला धारदार बुर असते. बारीक कानसीने ते इतकं उतरतं करा की दोरा ब्लँकवरून पायावर चढताना अडखळणार नाही. खालची बाजू नखावर घासून बघा. नख खरवडलं तर ती बुर ब्लँकचा कार्बनही खरवडणार, आणि दोन वर्षांनी रॉड तिथेच मोडणार. गुंडाळायचा दोरा बट गाईडला डी जाडीचा, चोकरच्या पुढे बारीक ए पुरे. इपॉक्सीचे दोन्ही भाग सिरिंजने मोजून समान घ्या, डोळ्याने नको. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्या पडवीत इपॉक्सी लावू नका. दमट हवेत तिच्यावर चिकट, दुधाळ साय धरते. मी त्या दिवसांत बंद खोलीत लावतो आणि कोपऱ्यात शंभरचा बल्ब पेटवून ठेवतो.

मल्टिप्लायर रीळ लावायचा विचार असेल तर हे सगळं विसरा. तिथे लाईन स्पूलवरून सरळ सुटते, वेटोळी नसतातच, म्हणून बट गाईड लहान आणि बुटका चालतो, पण गाईड ब्लँकच्या वर असल्याने वाकल्यावर लाईन ब्लँकला टेकू नये म्हणून संख्या वाढवायला लागते. तो हिशोब निराळा.

टिप मात्र इपॉक्सीने कधीच चिकटवू नका. हॉट ग्लूच्या कांडीचा तुकडा वितळवून लावा. रात्रीच्या भरतीत टिपची रिंग फुटली तर लायटरने फक्त धातूची नळी तापवायची, ब्लँक नाही, आणि कापडात धरून ओढायची. पिशवीत त्याच नळीच्या मापाची एक जादा टिप आणि बोटभर ग्लूची कांडी ठेवा. नळीचं माप इंचाच्या चौसष्टांशात किंवा मिमीत येतं, ते आत्ताच ब्लँकच्या शेंड्यावर व्हर्नियर लावून लिहून ठेवा, कारण एकदा टिप चिकटवली की मोजता येणार नाही.